अंगठा

सुरसागरच्या कठड्याशी उभे राहून कणकेच्या गोळ्या पाण्यात टाकणे, एवढाच आमच्या घराण्याचा मत्स्यजातीशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध. पणजोबा गायकवाडी दप्तरात कारकून म्हणून बडोद्यास आले, दांडिया बाजारात त्यांनी घर बांधले, आणि त्या घराच्या चुलीवर मासळी कधी चढली नाही. अशा घरातल्या माणसाने वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मासे धरण्याचे रीळ हाती घ्यावे आणि चोडण बेटावरच्या एका अंगणात चार दिवस अंगठा भाजून घ्यावा, हे वाचून मंडळाच्या जुन्या सभासदांस हसू येईल. आम्हांसही आले होते. ते हसू फार वेळ टिकले नाही. का टिकले नाही, तेच येथे सांगावयाचे आहे.

आम्ही गोव्यास हौसेने गेलो नव्हतो. डिसेंबर २०२२ मध्ये गेलो, ते बगलेत एक लिफाफा घेऊन. लिफाफ्यात घराच्या विक्रीचा मसुदा होता आणि त्याला टाचलेला एक हिशेबाचा कागद.

दादा आमच्याहून सहा वर्षांनी वडील. १९६७ मध्ये तो मालवाहू जहाजावर नोकरीस लागला आणि घरातून जो बाहेर पडला तो पुढे पाहुण्यासारखाच येत राहिला. गोव्याच्या एका सारस्वत कुटुंबातील मुलीशी त्याने लग्न केले. आमच्या आईने ते मान्य केले. मात्र जावयाने सासरवाडीस काय खाल्ले असेल हा प्रश्न तिने मनातल्या मनात अखेरपर्यंत चघळला. १९९६ मध्ये निवृत्त होऊन दादा चोडणला स्थायिक झाला. बडोद्याचे घर दोघांच्या नावावर राहिले आणि त्यात राहिलो आम्ही.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने त्या घराची मागची भिंत तडकली. भिंत, दोन तुळया आणि कौले मिळून आमचे १,८६,००० रुपये खर्च झाले. तेव्हा आम्ही दादाकडे काही मागितले नाही. मागितले असते तर त्याने दिले असते, हे आम्हांस त्याही वेळी ठाऊक होते. आठ वर्षांनी घर विकण्याची बोलणी निघाली, दादाने ‘इतकी घाई कशाला’ असे विचारले, आणि आमच्या मनात साठलेले एकदम सुटले. निम्मे म्हणजे ९३,००० रुपये आणि त्यावरचे आठ वर्षांचे व्याज, अशी मागणी आम्ही वकिलामार्फत पोचपावतीच्या टपालाने धाडली. सख्ख्या भावाला. दादाचे एका ओळीचे उत्तर आले: ‘हिशेब पोहोचला.’ ते २००९ साल होते. त्यानंतर बारा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. २०१४ मध्ये त्याला अर्धांगवायूचा झटका आल्याचे वहिनींनी कळविले. आम्ही पत्राने विचारपूस केली, गेलो नाही. मे २०२१ मध्ये दादा गेला. महामारीचे दिवस होते, प्रवास अशक्यप्राय होता. ते कारण खरेच होते. पण त्याआधीच्या सात वर्षांना अशी कोणतीच सबब नव्हती.

करमळी स्थानकावर उतरून रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीने मांडवी ओलांडली, तेव्हा वहिनी काय बोलतील आणि आम्ही काय उत्तर देऊ याची उजळणी चालली होती. ती सगळी वाया गेली. वहिनींनी गूळपाणी दिले आणि सांगितले, ‘भावजी, सही मुलाचीही लागेल. तो रविवारी येतो. तोवर राहा. तुमची भांडी वेगळी काढून ठेवली आहेत.’ तो मंगळवार होता.

संध्याकाळी ओसरीवर त्या एक लहानशी चामडी पेटी उघडून बसल्या. आत लाल रंगाचे एक यंत्र होते; मुठीत मावेल एवढे, दोन्ही बाजूंस चकत्या, मधे फिरकी, एका अंगाला दुहेरी मुठीचे हँडल. पेटीच्या कोपऱ्यात तेलाची इवलीशी नळी होती. वहिनी एकेक थेंब तेल सोडून कापसाने पुसत होत्या. ते काम त्या इतक्या सवयीने करीत होत्या की, देवघरातली उपकरणी घासावी तसे वाटले.

‘दादाचे का हो हे?’ आम्ही विचारले.

‘आता माझे,’ त्या म्हणाल्या.

इंग्रजीत ज्याला बेटकास्टिंग रीळ म्हणतात ते हे. दादाने १९७१ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग बंदरात, अर्ध्या पगाराला घेतले होते. याचे कूळ पुढे आम्ही आस्थेने शोधले, ते वाचकांसही रुचेल. फिरकीला चक्रे जोडून हँडलच्या एका फेऱ्यात फिरकीचे अनेक फेरे घडविणारे रीळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील केंटकी राज्यात जॉर्ज स्नायडर या कारागिराने घडविले. तो व्यवसायाने घड्याळजी होता. दोरी फिरकीवर एकाच जागी न साठता या टोकापासून त्या टोकापर्यंत समान गुंडाळली जावी, ही सोय त्याच शतकाच्या अखेरच्या दशकात मिशिगन राज्यातील ज्या गृहस्थाने केली त्याचे नाव विल्यम शेक्सपिअर. वाङ्मय मंडळाच्या पत्रिकेत शेक्सपिअर या वाटेने प्रवेश करील असे आम्हांस कधी वाटले नव्हते. दादाचे रीळ ‘आंबासाडर ५०००’ या जातीचे. ते बनविणारा कारखाना स्वीडनमधील स्वेंगस्ता गावी १९२१ मध्ये निघाला तोही घड्याळांसाठीच; पुढे तेथे टॅक्सीचे मीटर होऊ लागले, मग रिळे, आणि १९५२ मध्ये हे लाल रीळ बाजारात आले. घड्याळजींची नजर त्यात दिसते. हँडलचा एक फेरा होतो तेव्हा फिरकी तीनहून अधिक वेळा फिरते आणि आवाज येतो तो केवळ कुजबुजीएवढा.

‘धरून बघता?’ वहिनींनी विचारले. आमच्या चेहऱ्यावरचा संकोच त्यांनी ओळखला असावा. ‘गरी नाही लावत. नुसते शिसे बांधते. अंगणात मासे नाहीत.’

दुसऱ्या दिवशी सकाळी काठीला रीळ बसवून, तंगुसाच्या टोकाला सुपारीएवढा शिशाचा गोळा बांधून त्यांनी आम्हांस अंगणाच्या एका कडेला उभे केले. समोर वीस पावलांवर माडाचे आळे होते. गोळा त्यात पडला पाहिजे. त्यांनी एकदाच करून दाखविले. काठी खांद्यामागे नेली, पुढे आणली, गोळा सावकाश कमान घेऊन गेला आणि आळ्यातल्या वाळक्या झावळीवर टप्प असा पडला. काठी पुढे आली तेवढीच. बाकी सारे अंगठ्याने केले होते, आणि तो आम्हांस दिसलाच नव्हता.

आम्ही काठी घेतली. कळ दाबली, फिरकी मोकळी झाली, अंगठ्याने ती धरून ठेवली आणि पुरुषार्थास साजेल अशा जोराने काठी झटकून अंगठा उचलला. गोळा चार पावलांवर जमिनीत रुतला. हातात मात्र एकदम कर्रर्र असा आवाज झाला आणि फिरकीवर तंगुसाचे एक घरटे उगवले. सुगरणीलाही लाज वाटावी असे! दोरा कोठून येतो, कोठे जातो, काही उमजेना.

‘जोर कशाला, भावजी?’ वहिनी म्हणाल्या.

त्या गुंत्याचे कारण समजून घेण्यास आम्हांस उरलेला दिवस लागला. शिकाऊ माणसाच्या हाती सामान्यतः जे दुसऱ्या जातीचे रीळ देतात त्यात फिरकी स्थिर असते. दोरा तिच्या काठावरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटतो आणि गोळा थांबला की आपोआप थांबतो. बेटकास्टिंग रिळात फेकीच्या वेळी फिरकी स्वतः फिरते. गोळा सुटतो तेव्हा त्याला वेग असतो. तो दोरा ओढतो, दोरा फिरकीला ओढतो, फिरकी क्षणार्धात भन्नाट फिरू लागते. इथपर्यंत सारे ठीक. पण हवेतून जाताना गोळ्याचा वेग उतरत जातो. फिरकीला ते कळत नाही. तिचा स्वतःचा भार, स्वतःची गती. ती फिरतच राहते. गोळ्याला हवा असतो हातभर दोरा, फिरकी देते दोन हात. जास्तीचा दोरा जागच्या जागी फुगतो, त्याचे फास खालच्या फेऱ्यांत अडकतात आणि बघता बघता तो उलटा गुंडाळला जाऊ लागतो. समोरून वारा असेल तर गोळा आणखी लवकर मंदावतो आणि गुंता आणखी मोठा होतो. म्हणजे गुंता होतो तो समोर काही अडले म्हणून नव्हे. समोरच्याचा वेग ओसरला तरी आपला ओसरला नाही, म्हणून होतो.

हे ऐकताना आम्हांस बडोद्याची गच्ची आठवली. उत्तरायणाच्या दिवसांत दादा पतंग उडवी आणि फिरकी धरण्याचे काम आमच्याकडे. त्याने ढील दिली की फिरकी दोन्ही हातांत भिरभिरत असे आणि आमची दृष्टी आकाशात. मग पतंग कटे. ताण एकाएकी नाहीसा होई, पण फिरकी फिरतच राही आणि दोर भसाभसा पायांशी सांडे. ‘फिरकीला हात लाव!’ असे दादा ओरडे, आणि आमचा हात पडेपर्यंत सगळ्या दोऱ्याचे जाळे झालेले असे. एकदा त्याने त्यापायी आमच्या पाठीत धपाटा घातला होता आणि मग दिवस मावळेपर्यंत दोघांनी मिळून, एका ओळीचेही न बोलता, तो गुंता सोडविला होता. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या हाताला तेव्हापासून काहीच शहाणपण आले नव्हते.

गुंता सोडविण्याची रीत वहिनींनी रात्री दिव्याखाली दाखविली. आम्ही स्वभावानुसार मोकळे टोक धरून ओढू लागलो होतो. त्यांनी हात धरला. ओढले की प्रत्येक फास आवळतो. प्रथम अंगठा फिरकीवर घट्ट दाबायचा आणि तसाच दाबून हँडलचे दोनतीन फेरे पुढे द्यायचे. वरचे फास त्याने चपटे होऊन बसतात. मग अंगठा काढून दोरा अलगद ओढायचा. येईल तेवढा येऊ द्यायचा, अडला की थांबायचे. पुन्हा अंगठा, पुन्हा दोन फेरे. तरीही न सुटेल तेथे सगळ्यांत वरचा फास कोणता ते शोधायचे आणि क्रोशाच्या सुईने तो सैल करायचा. ओढायचा नाही, सैल करायचा. ‘खेचून सुटलेला गुंता मी पाहिला नाही,’ त्या म्हणाल्या. दहाच्या सुमारास बराचसा दोरा सुटला. उरलेला इतका खोल रुतला होता की कापावा लागला.

कापता कापता आम्ही फिरकीच्या तळाशी पोहोचलो. तेथे तंगूस नव्हता. पिवळट पडलेला कापसाचा साधा दोरा होता. नायलॉन गुळगुळीत असतो, नुसत्या धातूवर तो घसरून गरगरतो, म्हणून खाली कापसाचे काही वेढे द्यावेत अशी रीत आहे. वहिनी म्हणाल्या, ‘तो त्यांनी घातलेला आहे. पहिल्यापासून. वरचा तंगूस दरवर्षी बदलायचे, तो नाही.’ पतंगाचा, मांजा न लावलेला दोरा अगदी तसाच असतो. हा दोरा बडोद्याचा होता असे म्हणण्यास आम्हांजवळ कसलाही आधार नाही. कापसाचा दोरा कोणत्याही बंदरात मिळतो. आम्ही त्याला हात लावला नाही. त्यावर नवा तंगूस गुंडाळला.

गुरुवारी रीळ जुळविण्याचा धडा झाला. बाजूच्या चकतीवर एक बोंडी असते. ती आवळली की फिरकीच्या आसावर दाब येतो. काठीच्या टोकाशी गोळा लोंबता ठेवून फिरकी मोकळी करायची. गोळा धाडकन पडला तर बोंडी सैल आहे. जागचा हललाच नाही तर फार आवळली आहे. तो सावकाश उतरावा आणि जमिनीस टेकताच फिरकी थांबावी, इतपत ती हवी. आत इवले ठोकळेही असतात; फिरकी वेगाने फिरू लागली की ते बाहेर सरकून कडेला घासतात आणि वेगाला आळा घालतात. घड्याळजींनी माणसाच्या उतावीळपणाचा एवढा विचार करून ठेवला आहे. मात्र शेवटचा भाग त्यांनी यंत्राकडे दिला नाही. तो अंगठ्याकडेच राहिला.

या अंगठ्याचे काम विलक्षण आहे. फेकीच्या क्षणी त्याने उठायचे. मात्र पुरते उठायचे नाही. फिरकीवर पिसासारखे टेकून राहायचे. दोरा फुगू लागला तर किंचित भार द्यायचा, तो ताणलेला असेल तर किंचित उचलायचे. आणि गोळा पडणार त्याच्या निमिषभर आधी फिरकी थांबवायची. पडल्यावर नव्हे, आधी. आम्ही हे सारे पाटीवर लिहून दिले असते. अंगठा मात्र ऐकत नव्हता. तो एकतर चिकटून बसे आणि गोळा पायांशी आपटे, किंवा घाबरून उडे आणि घरटे तयार. आमच्या महाभारतात अंगठ्याची गोष्ट आहे ती एकलव्याची. गुरूने तो मागितला आणि शिष्याने कापून दिला. ती गोष्ट आम्ही शाळेत अनेक वर्षे शिकविली, पण अंगठा गेला म्हणजे नेमके काय गेले हे कधी मुलांस सांगू शकलो नाही. धरणे आणि सोडणे यांमधली जी जागा असते तेवढीच गेली. धनुर्विद्या तेथेच असते.

दुपारी अंगठ्याच्या पेरावर तंगुसाने भाजल्याचा लाल पट्टा उठला. वहिनींनी त्यावर खोबरेल लावावयास दिले. त्यांच्या उजव्या अंगठ्याकडे तेव्हा आमचे लक्ष गेले. त्याचे पेर गुळगुळीत, चकचकीत झाले होते.

‘तुम्ही हे केव्हा शिकलात?’ आम्ही विचारले.

‘ह्यांचा हात गेला तेव्हा.’

त्यांनी जे सांगितले ते असे. झटक्यानंतर दादाचा उजवा हात निकामी झाला. बोलणेही महिनाभर गेले होते. ते परत आले तेव्हा त्याने पहिली गोष्ट मागितली ती बांधावर नेण्याची. वहिनी त्याला नेत, एका स्टुलावर बसवीत. काठी ते धरू शकत नव्हते, म्हणून वहिनींनी धरली. दादा डाव्या हाताने त्यांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवी आणि केव्हा दाबायचे, केव्हा उचलायचे ते तेवढ्याने सांगे. सारे शिकण्यास एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेला. सात वर्षे अशी गेली.

ती सात वर्षे म्हणजे आमची तीच सात वर्षे, ज्यांत आम्ही गेलो नव्हतो. आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे काय होते? वहिनींनीच थोड्या वेळाने सांगितले, ‘त्यांचाही अंगठा उशिराच पडे, भावजी. तुमची नोटीस आली तेव्हा चार दिवस उत्तर लिहीत होते. पाने भरली आणि फाडली. शेवटी ती एकच ओळ पाठवली. मी म्हटले होते, अशी पाठवू नका.’

शुक्रवारी दहांतले चार गोळे आळ्यात पडले, शनिवारी सहा. रविवारी सकाळी ओहोटी होती. पुतण्या दुपारच्या फेरीने येणार होता. वहिनी म्हणाल्या, ‘चला, बांधावर.’

चोडणच्या कडेकडेने खाजन जमिनी आहेत. खाऱ्या पाण्याला बांध घालून गोव्याच्या पूर्वजांनी नदीकडून मिळविलेली ही शेते. खारे पाणी सोसणारे कोरगूट भात येथे पिकते. बांधात जागोजागी मानस असते. हे लाकडी दरवाजे भरतीच्या पाण्याने लोटले जाऊन आपोआप मिटतात आणि ओहोटीस आतल्या पाण्याने लोटले जाऊन आपोआप उघडतात. त्यांना माणूस लागत नाही. पाणी केव्हा आत घ्यावे आणि केव्हा बाहेर सोडावे ते पाणीच ठरविते. दार उघडले की आतली कोळंबी आणि लहान मासळी प्रवाहाबरोबर बाहेर येते आणि खारफुटीच्या मुळांशी चोणक तिची वाट पाहत असतो. मानशीवर जाळे लावण्याचा हक्क लिलावात गेलेला असतो, म्हणून आम्ही तेथून पुष्कळ अंतर राखून उभे राहिलो.

चोणक म्हणजे रायगडकडे ज्याला जिताडा म्हणतात तो मासा, बंगाल्यांची भेटकी. गोड्या पाण्यात आणि खाऱ्यात सारखाच रमतो, आणि बहुधा नर म्हणून वाढून पुढे मादी होतो. हे सांगून वहिनी हसल्या. त्यांनी पिशवीतून लाकडाचा रंगविलेला खोटा मासा काढला आणि आमच्यादेखत पकडीने त्याचे दोन्ही गळ काढून ठेवले.

‘तुमच्यासाठी,’ त्या म्हणाल्या. ‘फेकण्यापुरते शिकलात. धरण्याचे पाप कशाला?’

पहिल्या दोन फेकी बऱ्या झाल्या. तिसरीच्या वेळी नदीवरून वारा आला. लाकडी मासा हवेत अडखळलेला दिसला, आणि प्रथमच असे झाले की आम्ही विचार करण्यापूर्वी अंगठा खाली गेला होता. दोरा फुगला नाही. मासा खारफुटीच्या सावलीत, मुळांपासून हातभर अलीकडे, अलगद पाण्यावर उतरला. आम्ही हँडलचे दोन फेरे दिले असतील नसतील, तोच पाण्याखालून बंदुकीच्या बारासारखा एक आवाज झाला, भोवरा उठला, आणि काठीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत एक जिवंत हिसका आला. क्षणभरच. गळ नव्हता, चोणकाने लाकूड थुंकून टाकले आणि तो गेला. पाण्यावर वर्तुळे तेवढी राहिली.

आमचे हात थरथरत होते. वहिनी पाण्याकडे पाहत होत्या. ‘मोठा होता,’ त्या म्हणाल्या. दोघांनाही त्यापुढे काही सुचले नाही.

दुपारी पुतण्या आला. ‘काका’ म्हणून वाकून नमस्कार केला. त्याच्या कपाळाची ठेवण थेट दादाची आहे. जेवण झाल्यावर त्यानेच विषय काढला, ‘कागद आणले आहेत ना?’ आम्ही लिफाफा उघडला. मसुद्यास टाचलेल्या कागदावर आमच्याच वळणदार अक्षरात लिहिले होते: ‘हिश्शातून वजावट.’ खाली भिंत, तुळया, कौले, मजुरी. मग एकवीस वर्षांचे व्याज. बेरजेत एका पैचीही चूक नव्हती. कागद फाडून टाकावा असे मनात आले, परंतु फाडणे हेही जोराचेच काम. आम्ही लेखणी काढली, वजावटीच्या पूर्ण यादीवर वरपासून खालपर्यंत एक रेघ मारली, खाली सही केली आणि तारीख घातली. पुतण्याने कागद हाती घेऊन वाचला.

‘काका, हे पैसे बाबा देणे लागत होते. ते तसे म्हणत.’

‘लागत असतील,’ आम्ही म्हणालो. ‘आम्ही मागण्याची वेळ चुकलो.’

वहिनींनी तो कागद घडी करून चामड्याच्या पेटीत, तेलाच्या नळीखाली ठेवला. त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळी ताट वाढताना मात्र आम्हांस दोनदा वाढले.

मार्च २०२३ मध्ये घराची विक्री झाली. वहिनी त्यासाठी बडोद्यास आल्या. रिकाम्या घरातून हिंडल्या, गच्चीवर गेल्या, दादा पतंग कोठे उभा राहून उडवी ते त्यांनी विचारले, आणि आम्ही त्या जागी उभे राहून दाखविले. दुसऱ्या दिवशी नोंदणीसाठी गेलो. हल्ली तेथे सही करणाऱ्या साक्षरांसही अंगठा द्यावाच लागतो. काचेच्या पट्टीवर तो टेकायचा असतो. आमचा उमटला. वहिनींचा उमटेना. एकदा, दोनदा, तीनदा त्यांनी पेर दाबून पाहिले; समोरच्या पडद्यावर रेषाच दिसत नव्हत्या. सात वर्षे दादासाठी आणि पुढे स्वतःसाठी दोरा त्या अंगठ्याखालून गेला होता.

कारकून तरुण होता, अदबीने वागणारा होता. त्याने काच रुमालाने पुसली आणि गुजरातीत सांगितले, ‘माजी, फरी मूको. जोर ना आपशो, खाली अडाडो.’ पुन्हा ठेवा. जोर देऊ नका, नुसता टेकवा.

वहिनींनी आमच्याकडे पाहिले आणि त्या हसल्या. मग त्यांनी अंगठा फिरकीवर ठेवावा तसा काचेवर टेकला.